ठमीची जागा

बॅग भरावी तर तिनेच. काचसामानाच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. खोक्यात बोटभर फट राहिली की वाटेत माल फुटलाच म्हणून समजा, हे तिच्या अंगात मुरलं होतं. कपड्यांच्या घट्ट गुंडाळ्या, बुटांत मोजे, मोज्यांत बारीकसारीक बाटल्या! तिची बॅग हलवली तरी हूं की चूं करायची नाही.

या खेपेला मात्र तिचा हात चालत नव्हता. दूरच्या शहरातल्या गोदामात बदली झाली होती, आणि तिथे धड घर मिळेपर्यंत ठमीला, तिच्या पाच वर्षांच्या लेकीला, ताईकडे ठेवायचं ठरलं होतं. ठमीने रडून घर डोक्यावर घेतलं असतं तर परवडलं असतं. पोरगी नुसती "बरं" म्हणाली आणि बॅगेला टेकून बसून राहिली.

सगळं भरून झालं. बघते तर मधोमध खड्डा!

"अगं बाई, हे काय?" तिने शाल कोंबली. शाल मावली, खड्डा होता तसाच. सगळं उपसून पुन्हा रचलं. पुन्हा तोच खड्डा, वरच्या बाजूला गोल, मग बाक घेऊन खाली निमुळता होत गेलेला. तिने आत हात घातला आणि चटकन मागे घेतला. आत ऊब होती, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

"तिथे काही ठेवू नकोस ना आई," ठमी म्हणाली. "ती माझी जागा आहे."

"हो का? तिकीट काढलंयस का?" ती हसली.

"आवर गं, गाडी चुकेल," दारातून ताई ओरडली. शेवटी तिने बूट त्या गोल भागात दडपले आणि चेन ओढली.

गाडीत बॅग तिच्या पायाशी होती. उन्हं खिडकीतून येत-जात होती, डोळे मिटत होते. समोरची बाई तावातावाने बोलत होती. मध्येच बॅगेकडे बघून त्या बाईने आवाज खाली आणला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. ठमीच्या आईने बॅगेवर ठेवलेला पाय हळूच वर येत होता, हळूच खाली जात होता. गाडीचे हेलकावे, दुसरं काय? ती स्वतःशीच अंगाई गुणगुणत राहिली.

खोलीवर पोचली तोच ताईचा फोन.

"अगं, ठमी उठतच नाहीये! तू गेलीस तशी पाय पोटाशी घेऊन झोपली ती झोपलीच. हलवलं, पाणी मारलं. डॉक्टरांना बोलावलंय."

ती बॅगेपाशी खाली बसली.

चेन उघडली.

आतून ऊबदार वारा आला. हळू, लांबलचक.

"उठली!" ताई फोनवर रडायलाच लागली. "उठली गं बाई! पण हिच्या गालावर हे कसले वळ? चौकटी-चौकटीचे?"

तिने बूट उचलून उलटा केला. तळाला चौकटी होत्या.

मग पलीकडून ठमीचा झोपाळलेला आवाज आला.

"आई, पोचलो का गं आपण?"