बर्फाच्या पोटात काय?

“रोख नाय चालत म्हंजे?” वत्सलामावशी कडाडली. “ही नोट काय मी घरात छापली?”

चिंचणीच्या बर्फाच्या कारखान्यावर कालच पाटी लागली होती, ‘फक्त ऑनलाइन’. मावशीचा फोन बटणांचा. मासळी न्यायला आलेल्या टेंपोवाल्याने पैसे भरायला आपला मोबाइल पुढे केला, तर पडद्यावरचं चाक गोल गोल फिरतच राहिलं! वर मे महिन्याचं ऊन, खाली तापलेली वाळू, मधे टोपलीत चांदीची पापलेटं. बर्फाविना बोईसरच्या बाजारात पोहोचेपर्यंत सगळी मऊ पडणार!

“इंद्रजीतदादा, आजच्या दिवस घ्या ना!” मावशीची भाची जागृती म्हणाली.

“नियम म्हणजे नियम!” कारखान्याचा मॅनेजर इंद्रजीत गुरगुरला आणि टॉर्च घेऊन आत पळाला.

“काल आइस्क्रीमवाला, सकाळी झेरॉक्सवाला, आता हा! आमच्या नोटांना वास येतो का?” सुट्टीला आलेला जागृतीचा मामेभाऊ दिपेश करवादला.

“मासळीचा येतो! पण बघ, हा लाद्यांवर टॉर्च का मारतोय?”

दोघं दबकत खिडकीखाली गेली. आडव्या ठेवलेल्या लाद्यांच्या रुंद, म्हणजे डब्यात वर असणाऱ्या टोकांना डोळा लावून इंद्रजीत पुटपुटत होता, “कुठे गेलीस गं बाई!”

“बाई? बर्फात?”

“वेड्या, चावी! गल्ल्याला कुलूप बघ. बर्फाच्या डब्यात पाणी भरताना पडली असणार. म्हणून रोख बंद!”

“मग वरच्या टोकाला काय शोधतो? लोखंड तरंगतं होय?”

दोघं आत घुसली आणि लाद्यांची दुसरी, तळाकडची टोकं पुसू लागली. कोपऱ्यातल्या लादीत, काचेत निजल्यासारखी, चावी दिसली! दिपेश त्या लादीवर चक्क बसला.

“अरे, ऊठ!” इंद्रजीत ओरडला.

“आधी रोख घ्यायचं कबूल करा! बूड गोठलं तरी उठणार नाही!”

“बरं बाबा, घेतो!”

“गल्ला बंद होता, तर खिसा नव्हता तुला?” मावशी दारातून गरजली.

“रोख गल्ल्याबाहेर दिसली की चावी हरवल्याचं मालकांना कळलं असतं ना!” इंद्रजीत ओशाळला.

“आनि आमची मासली सडली असती ती?” मावशीने दोन्ही पोरांच्या गालांवरून हात फिरवला. “माज्या पोरांनो, तुमी नसता तर आज माजं काय खरं नव्हतं!”

लादी फुटली, गल्ला उघडला, टोपलीत बर्फ पडला. मावशीने ऐटीत नोट पुढे केली.

इंद्रजीतने गल्ल्यात डोकावून डोकं खाजवलं.

“मावशी... सुट्टे आहेत का?”