न दिलेली जागा

तनुजा काय काम करते हे कुणाला सांगून कळत नसे, म्हणून ती सांगायच्या भानगडीत पडत नसे. सोसायटीतल्या बायकांनी विचारलंच, तर "कंप्युटरचं" एवढं म्हणून लिफ्टचं बटण दाबायची.

ताथवड्यातल्या एका लहान कंपनीत ती कर्नलवर काम करायची. कर्नल म्हणजे कंप्युटरचा गाभा. बाहेरून जोडलेल्या कुठल्याही उपकरणाला आपली माहिती ठेवायला मेमरीत जागा लागते, ती हा गाभा देतो. अमुक पत्त्यावर ठेव, म्हणून सांगतो आणि उपकरण तिथं ठेवतं. मध्ये पहारा असतो. न दिलेल्या पत्त्यावर कुणी निघालं, की पहारा त्याला अडवतो आणि एका ओळीची तक्रार नोंदवून ठेवतो. अशी तक्रार का आली ते शोधायचं, हे तिचं काम. तिला ते आवडायचं. कारण सापडतंच, फक्त शोधणारा थकता कामा नये, असं तिचं मत होतं.

या वेळची तक्रार महाळुंग्याच्या एका कारखान्यातून आली होती. तिथं मोटारींच्या सीट तयार होतात. सीटच्या कव्हरखाली सेन्सरची एक पातळ चटई असते. माणूस बसला की कुठं किती भार पडला हे तिला कळतं आणि बेल्ट न लावता बसलं तर गाडी घंटी वाजवते. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी प्रत्येक चटई तपासली जाते. चटईचे आकडे एका कार्डातून कंप्युटरच्या मेमरीत जातात. ते कार्ड मधूनच न दिलेल्या पत्त्यावर जायला बघत होतं. पहारा अडवायचा आणि अख्खी लाइन थांबायची.

तनुजानं सरळ वाटेनं सुरुवात केली. एखादी जागा आधी दिलेली असते, मग काढून घेतली जाते आणि उपकरणाला त्याची खबरच नसते. ते जुन्याच ठिकाणी जात राहतं. असं नेहमी होतं. पण हा पत्ता कधीच कुणाला दिलेला नव्हता. तिनं कार्ड बदललं. मग कंप्युटर बदलला. नव्या कंप्युटरमध्ये, नव्या कार्डावरून, तक्रार पुन्हा आली. पत्ता तोच.

"मॅडम, शुक्रवारी सकाळी लाइन चालू व्हायला पायजे," दौलतराव म्हणाले. दौलतराव मेंटेनन्सचे प्रमुख. गाव तिथलंच, आवाज मोठा पण माणूस मऊ. "वरनं सारखे फोन येतेत. माझं काय न्हाई, पण सांगायचं काय त्यास्नी?"

"गुरुवारी सुट्टी असते ना तुमच्याकडे? मला तो दिवस द्या."

गुरुवारी दुपारी शेडमध्ये ती आणि दौलतराव दोघंच होते. यंत्रं बंद. फोम आणि गोंदाचा वास हवेत बसून राहिलेला. उन्हानं छताचे पत्रे तडतडत होते, आणि बाहेर कुठंतरी एक ट्रेलर मागे घेताना टीं टीं करत होता. तपासणीच्या चौथऱ्यावर मोटारीची मागची सीट ठेवलेली होती, दोघं-तिघं मावतील अशी लांब.

कार्ड एवढ्या हट्टानं तिथं काय नेऊन ठेवू पाहतंय, हे बघायचं तिनं ठरवलं. त्यासाठी त्याला अडवायचं नाही, जाऊ द्यायचं. तिनं मेमरीचं एक कोरं पान घेतलं आणि नेमका तो पत्ता त्या पानाला दिला. मग ती वाट बघत बसली.

पान भरलं.

आत कचरा असेल अशी तिची अपेक्षा होती. कचरा नव्हता. चटईचे आकडे ज्या ओळीनं येतात, त्याच ओळीनं हे आकडे आले होते. तिनं पडदा दोन भागांत केला. डावीकडे चटईची खरी जागा आणि उजवीकडे हे नवं पान. भार नाही तिथं निळा, थोडा असेल तिथं पिवळा, जास्त असेल तिथं लाल.

डावीकडे सगळं निळं होतं. सीट रिकामीच होती.

उजवीकडे सीटच्या मधोमध कुणीतरी बसलेलं होतं.

"दौलतराव, जरा सीटवर बसता का?"

ते बसले. डावीकडे त्यांचा ऐसपैस लाल आकार उमटला. त्याच क्षणी उजवीकडचा आकार नाहीसा झाला. सगळं निळं. कुणीतरी उठून जागा द्यावी तसं.

"शीट गरम हाय वो," दौलतराव हातानं चाचपत म्हणाले. "हीटरवालं मॉडेल हाय का ह्ये?"

"नाही."

"मग ऊन येत आसंल." त्यांनी वर पाहिलं. त्या बाजूला उजेड आत येईल असा पारदर्शक पत्रा नव्हता. ते उठले, पँट झटकली आणि डबा खाऊन येतो म्हणून निघून गेले.

ते दाराबाहेर पडल्यावर उजवीकडे हळूहळू लाल आकार परत आला.

तनुजानं चटईची वायर काढून टाकली. डावीकडे लगेच सूचना आली, चटई जोडलेली नाही. उजवीकडे फरक पडला नाही. आता त्या आकड्यांना यायला वाटच नव्हती, आणि ते येत होते.

तिनं खुर्ची पुढे ओढली आणि प्रथमच त्या आकाराकडे नीट बघितलं.

भार डाव्या अंगावर होता. उजवी मांडी जेमतेम टेकलेली, पाय पुढं ताणून ठेवल्यासारखा. डाव्या गुडघ्याकडे एक पिवळा ठिपका होता आणि तो थरथरत होता. लागोपाठ, बारीक. थोडा वेळ थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

तनुजाच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

ओंकार, तिचा नवरा, कॉलेजात असताना नाशिक फाट्याला गाडीवरून पडला होता. उजव्या खुब्यात सळई घातलेली. लग्नानंतर तिनं त्याला कधी सरळ बसलेलं पाहिलं नाही. आणि डावा पाय सतत हलायचा. जेवताना, टीव्ही बघताना, अगदी साखरपुड्याच्या पाटावरसुद्धा. "पाय हलवू नको रे, घरातली लक्ष्मी जाते," सासूबाई म्हणायच्या. तो थांबायचा. मग विसरायचा.

त्याला जाऊन आता काही वर्षं झाली होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. घरातले कपडे तिनं देऊन टाकले होते, त्याच्या नंबरावर दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो दिसायला लागला होता. रडू यायचं थांबलं होतं. आठवण मात्र अंगात उरली होती. झोपताना ती अजून पलंगाच्या कडेलाच झोपायची.

हा योगायोग आहे, असं तिनं मनात म्हणून बघितलं. खुब्यात सळई असलेली माणसं पुष्कळ असतात.

मग ती हळूच म्हणाली, "पाय हलवू नको."

ठिपका थांबला.

पत्र्यांची तडतड तेवढी ऐकू येत होती. तिनं श्वास धरून ठेवला. थोड्या वेळानं ठिपका पुन्हा थरथरायला लागला, विसरल्यासारखा.

तनुजानं पडदा सीटकडे वळवला आणि चौथऱ्यावर चढली. कव्हरवर हात ठेवला. गरम होतं. आत्ताच कुणी उठलं की असतं तेवढंच.

ती बसली.

पडद्यावर लाल आकार हलला. तो उठला नाही. डाव्या हाताला सरकला, आधी खुबा, मग मांडी, कष्टानं. सीटची अर्धी बाजू त्यानं मोकळी केली.

तो नेहमी असंच करायचा. ती जवळ येताना दिसली की न सांगता सरकायचा. बसमध्ये, बागेतल्या बाकावर, घरच्या दिवाणावर. त्या दिवशी ॲम्ब्युलन्सच्या बाकावरसुद्धा सरकला होता, तिच्यासाठी. तिनं पायरीवर पाय ठेवला तेव्हा आतल्या माणसानं हात आडवा केला. "तुम्हाला नाही बसता येणार." दार लागलं. काचेतून तिला शेवटचं दिसलं ते त्याच्या शेजारचं रिकामं बाक.

"आले," ती म्हणाली.

वायर काढलेलीच होती. त्यामुळे पडद्यावर तिचा भार दिसायचं कारण नव्हतं, आणि दिसतही नव्हता. त्याच्या शेजारी नुसता निळा रंग. ती बसून राहिली. तिला बाहेरचं ऊन, शुक्रवार, काहीच आठवेना. किती तरी दिवसांनी शेजारी कुणीतरी होतं.

मग त्या निळ्यात पिवळं उमटलं. दोन मांड्या, बारीक. पिवळं गडद होत गेलं आणि शेवटी लाल झालं.

दाराशी दौलतरावांच्या चपला वाजल्या, तशी ती दचकून उठली आणि खाली उतरली.

पडद्यावर दोघं बसलेली होती.

तिनं सीटकडे पाहिलं. रिकामी. पडद्याकडे पाहिलं. तिचा आकार हलला नव्हता. त्याच्या डाव्या गुडघ्याचा ठिपकाही आता हलत नव्हता.

"सापडलं का काय, मॅडम?" दौलतरावांनी विचारलं.

तिला नीट ठाऊक होतं काय करायला हवं. कारण सापडेपर्यंत ते पान काढून घ्यायचं, पत्ता बंद करायचा. एका ओळीचं काम. पण मग तो पुन्हा येणार, पहारा पुन्हा आडवा होणार, आणि कुठल्या तरी यंत्रात पुन्हा तीच तक्रार पडणार.

तिनं एकच ओळ लिहिली, पण दुसरी. तो पत्ता कायमचा देऊन टाकला. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं तरी दिलेलाच राहील असा. हातानं केलेलं इतकं चुकीचं काम तिनं आजवर कुणाचं खपवून घेतलं नव्हतं. मग पडदा मिटवला, चटईची वायर जोडली आणि दौलतरावांना लाइन चालवून बघायला सांगितली. संध्याकाळपर्यंत एकही तक्रार आली नाही.

"झालं म्हणायचं," दौलतराव खूश होते. "नक्की काय होतं वो?"

"जागा दिलेली नव्हती," तनुजा म्हणाली. "आता दिली."

परत न्यायला कंपनीची गाडी आली. मागच्या सीटवर जुन्या कंप्युटरचे खोके होते, म्हणून ती पुढं पिंटूच्या शेजारी बसली. पिंटू रोजचाच ड्रायव्हर. तळेगावच्या रस्त्याला कंटेनरांची रांग लागली होती. अंग हलकं झालं होतं तिचं, ताप उतरल्यावर होतं तसं. तिनं डोळे मिटले.

"ताई, बेल्ट लावला न्हाई तुमी," पिंटू म्हणाला.

तिनं खाली पाहिलं. खरंच लावला नव्हता.

"आन् गाडी वरडली बी न्हाई. एरवी निस्तं टेकलं तरी वाजती." त्यानं समोरच्या दिव्यांवर टिचकी मारली. "सेन्सर गेला जणू."

तनुजाच्या लॅपटॉपची बॅग पायाशी होती. तिनं ती उचलली आणि स्वतःच्या शेजारी, सीटच्या कडेला टेकवली.

घंटी वाजायला लागली.