कात्रीच्या मानेवरच्या खुणा

बाळांनो, आधी एक काम करा. घरातली कात्री घ्या, मोठ्यांना विचारून हं! ती मिटा आणि उजेडासमोर आडवी धरा. काय दिसतं? दोन पात्यांच्या मधून उजेडाची एक बारीक रेघ दिसते ना? म्हणजे ही पाती एकमेकींना चिकटून नसतातच! आता कात्री उघडा आणि अगदी सावकाश मिटत न्या. पाती फक्त एका बिंदूत टेकतात, आणि तो बिंदू खिळ्यापासून टोकापर्यंत चालत जातो. कापतो तो तेवढा बिंदू, बाकीचं सगळं पोलाद नुसतं सोबतीला! पात्याला केसभर बाक दिलेला असतो, म्हणून हे घडतं.

आता कल्पना करा, की हा बाक हातोडीच्या टोल्यांनी देणारी एक बाई आहे. केस पांढरे, चष्म्याची भिंगं जाड, बोटं काटकुळी पण चिवट. एका जुन्या खोलीत, ऐरणीसमोरच्या स्टुलावर ती बसली आहे... आणि तिच्यासमोर तिचा दीर हात पुढे करून उभा आहे.

"वहिनी, हातोडी द्या."

"अजून एक पातं राहिलंय, भाऊजी."

"राहू द्या हो. खाली कारखान्यात दिवसाला चाळीस हजार पाती निघतात, त्यात या एकाची काय कथा?"

"चाळीस हजारांची मोजदाद असते भाऊजी, कथा एकाचीच असते," ती हसून म्हणाली.

दिरांनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजता पाहुणे यायचे होते, तेही सतरा देशांमधून! ज्या खोलीत कंपनीचा जन्म झाला ती खोली आजपासून काचेआड जायची होती. ऐरण, भाता, कानशी, स्टूल सगळं जिथल्या तिथे, जसंच्या तसं. फक्त कुणी हात लावायचा नाही. आता काचेआड गेलेल्या स्टुलावर माणूस बसत नाही, हे त्या बाईला न सांगताच कळलं होतं. बत्तीस वर्षं तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. रोज सकाळी इथे यायचं, चार-दोन पात्यांना बाक द्यायचा, दिरांना वाटे हा वहिनींचा विरंगुळा, पण एवढाच तिचा श्वास होता... आणि आज तोही बंद व्हायचा होता!

"बाबा, पण आज काकी मला पहिला टोला मारायला शिकवणार होती!" टेबलाखालून आवाज आला.

ही भिंगरी. नऊ वर्षांची, दिरांची धाकटी लेक. नाव वेगळं होतं, पण एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून सगळे भिंगरीच म्हणत.

"तू तिथे काय करतेस? नव्या फ्रॉकला काजळी फासून घेतलीस? चल ऊठ!"

"मी कागद कापतेय. माझ्या कात्रीनं."

तिची कात्री म्हणजे काकीनं घडवलेली खास कात्री. भिंगरी डावरी. शाळेतल्या कात्रीनं कापायला गेली की कागद दुमडायचा, चावल्यासारखा फाटायचा, आणि बाई म्हणायच्या, "हिच्या हाताला वळणच नाही." एके दिवशी पोर रडत आली तेव्हा काकीनं तिचे डोळे पुसले आणि म्हणाली, "अगं वेडे, हात चुकीचा नाही, कात्री चुकीची आहे!" आणि आठ दिवसांत उलट बाजूनं पाती जोडलेली कात्री तिच्या हातात ठेवली. काकीला हे कळणारच, कारण तीही डावरीच. लहानपणी रागावून-रागावून जेवणं-लिहिणं उजव्या हातानं करायला लावलं होतं, पण हातोडी मात्र आपसूक डाव्या हातात जायची.

तिनं हातोडीचा दांडा पदरानं पुसला आणि दिरांच्या हातात ठेवला. न बोलण्याची तिला सवय होती...

ही सवय कधी लागली, ते ऐका.

बत्तीस वर्षांपूर्वी या खोलीत तीनच माणसं काम करायची: तिचा नवरा, एक धार लावणारा आणि एक दांड्या घासणारा. नवऱ्याच्या हाताची ख्याती दहा गावं ऐकून होती. त्याच्या घराण्याची एक रीत होती. बाक देताना पात्याच्या मानेवर, म्हणजे खिळ्याजवळच्या भागावर, टोल्यांच्या बारीक तिरप्या खुणा उमटतात. बाकीची कात्री आरशासारखी घासायची, पण त्या खुणा घासायच्या नाहीत. तीच कारागिराची सही!

आणि एके दिवशी त्या हाताला कंप सुटला. आधी चहाचा कप हिंदकळला, मग हातोडी चुकली. डॉक्टरांनी मान हलवली. तेव्हा धाकटा भाऊ दूरच्या शहरात यंत्रांचं शिक्षण घेत होता, शेवटची दोन वर्षं राहिली होती.

"त्याला कळू देऊ नकोस," नवऱ्यानं तिचे हात धरून म्हटलं. धरलेले हातही थरथरत होते! "कळलं तर तो सगळं सोडून धावत येईल. वेडा आहे माझ्यासाठी. वचन दे मला!"

तिनं वचन दिलं. मग रोज दुपारी कामगार जेवायला गेले की दाराला कडी लागायची. ती ऐरणीवर आणि तो शेजारी, थरथरते हात मांडीखाली दाबून बसलेला. "आवाज ऐक. पातं बोलतं... हं, आता थांब. थांब म्हटलं ना! मोडलंस ना?" शंभरावर पाती वाया गेली. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. आणि मग एका दुपारी, कात्री मिटताना तो बिंदू पाण्यावरच्या चांदण्यासारखा न अडखळता टोकापर्यंत चालत गेला! दोघं एकमेकांकडे बघत राहिले. "ही माझ्या कात्रीहून सरस झाली गं," तो पुटपुटला आणि लहान मुलासारखा रडला.

तीच कात्री नमुना म्हणून परदेशी गेली. तिकडच्या व्यापाऱ्यानं ओलं रेशीम नुसत्या टोकानं कापून पाहिलं, आणि नमुन्यासोबत पहिली मोठी ऑर्डर परत आली. ती वाचायला नवरा मात्र राहिला नव्हता...

धाकटा भाऊ शिकून परतला. ती कात्री छातीशी धरून हमसाहमशी रडला. "वहिनी, हा माझ्या दादाचा शेवटचा चमत्कार! मी तो जगाच्या घराघरात पोचवीन!" ओठांवर आलेलं सत्य तिनं गिळून टाकलं.

आणि दिरांनी शब्द खरा केला हो! त्या एका कात्रीवरून त्यांनी पोलादी साचा बनवला, यंत्रं बसवली, एका खोलीचे चार मजले झाले, चार मजल्यांचे चार देशांत कारखाने झाले. शिंप्याच्या गळ्यात, माळ्याच्या खिशात, जहाजावर शीड शिवणाऱ्याच्या पेटीत त्यांची कात्री गेली. कुठल्या कुठल्या दवाखान्यांत नव्या बाळाची नाळ त्यांच्या कात्रीनं कापली जाऊ लागली. विचार करा, जगात आल्या आल्या माणसाची पहिली भेट त्या चालत्या बिंदूशी!

अगदी सुरुवातीला मात्र हजारो कात्र्या परत आल्या होत्या. कापड चावतात, अशी तक्रार. ती धीर करून खाली गेली होती. "भाऊजी, पातं गरम असताना बाक देताय तुम्ही. थंड होऊ द्या, मग दाबा." दिरांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सगळ्यांदेखत ते कडाडले, "वहिनी, हे दादाचं काम आहे. तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" चार दिवसांनी त्यांनी पाती थंड करूनच दाबली आणि सगळं सुरळीत झालं. पण ते शब्द तिच्या काळजात रुतून बसले. त्या दिवसापासून तिनं कारखान्यात पाऊल ठेवलं नाही, की तिथली एकही कात्री हातात घेतली नाही.

अकरा वाजले. खोलीसमोर गर्दी जमली. मखमलीवर ती परदेशी जाऊन आलेली कात्री, शेजारी पुठ्ठ्याची पाटी: 'थोरल्या मालकांनी घडवलेली कंपनीची पहिली कात्री.' काचेचं दार लावायला दोन माणसं तयार उभी. काकी सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून.

दीर बोलू लागले. "या मानेवरच्या खुणा पाहा. ही माझ्या दादाची सही. आमच्या साच्यात आम्ही याही जशाच्या तशा उतरवल्या आहेत. जगातल्या आमच्या प्रत्येक कात्रीवर या खुणा आहेत..."

"बाबा, मोठे काका डावरे होते?"

भिंगरी पुढे घुसून, नाक कात्रीला लागेल इतकी वाकली होती. गर्दीत कुणीतरी हसलं.

"नाही गं. उजव्या हाताचा होता दादा. आता गप्प बस बरं."

"मग हे टोले डावीकडे कसे झुकलेत? काकी म्हणते उजव्या हाताचे उजवीकडे झुकतात. डावीकडे फक्त तिचे झुकतात. आणि शिकले की माझे झुकणार."

दिरांचा हात खिशात गेला. तिथे एक चिमुकली कात्री कायम असायची, ते शाळेत जायला लागले तेव्हा दादानं करून दिलेली. त्यांनी ती पहिल्या कात्रीशेजारी धरली. छोटीच्या मानेवरच्या खुणा उजवीकडे झुकलेल्या. मोठीच्या डावीकडे! इतकी वर्षं दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या... शेजारी-शेजारी धरायचं तेवढं राहून गेलं होतं.

गर्दी आपोआप दुभंगली. ते भिंतीपाशी आले.

"वहिनी... ही तुम्ही?"

तिनं मान खाली घातली.

"का सांगितलं नाहीत? तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही शिक्षण सोडून आला असता. त्यांना वचन दिलं होतं मी."

"आणि नंतर? बत्तीस वर्षं, वहिनी!"

"नंतर तुम्ही ती कात्री छातीशी धरून रडत होता," ती हळूच म्हणाली. "एकदा तुमचा दादा गेलाच होता. मी बोलून तो दुसऱ्यांदा हिरावून घेऊ होय तुमच्यापासून?"

"आणि मी... मी तुम्हाला म्हणालो, तुम्हाला काय कळतंय!" साऱ्या जगाशी व्यवहार करणारा तो माणूस तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि तिच्या काटकुळ्या बोटांत तोंड लपवून ओक्साबोक्शी रडू लागला.

"उठा हो भाऊजी, पाहुणे बघताहेत! नवा कोट चुरगळेल तुमचा."

त्यांनी डोळे पुसले आणि एका कामगाराला हाक मारली. "आत्ताच्या पाळीतली कात्री आणा. कुठलीही!"

घासणीनं अजून कोमट असलेली ती कात्री त्यांनी वहिनीच्या हातात ठेवली. तिनं चष्मा वर सारून ती डोळ्यांजवळ नेली. मानेवर बारीक, तिरप्या, डावीकडे झुकलेल्या खुणा... त्या दुपारचे, कडी लावलेल्या दाराआडचे तिचे टोले! एकेक ओळखीचा.

"हे... सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर वहिनी. आजवरच्या कोट्यवधी कात्र्यांवर. प्रत्येकीवर तुमचाच हात आहे."

ती थक्क होऊन बघत राहिली. कुठल्या समुद्रापलीकडच्या गल्लीतला शिंपी, कुठली सुईण, कुठलं शाळकरी पोर... ज्यांना ती कधी भेटली नव्हती त्या साऱ्यांच्या हातात तिचा हात होता, आणि तिलाच ते ठाऊक नव्हतं! ती एवढंच म्हणाली, "तुमच्या दादाला दिसायला हवं होतं हो हे..."

दीर मागे वळले. "काच नको. दार काढून टाका. आणि ती पाटीही काढा, खोटी आहे ती!"

"थांबा!" काकीचा आवाज त्या खोलीत पहिल्यांदा चढला. "त्यांचं नाव राहील. हात माझा असेल, पण कान त्यांचा होता. पातं काय बोलतं ते त्यांनीच मला ऐकवलं."

पाटी ठेवायची की काढायची, कुणालाच सुचेना.

मग भिंगरीनं काय केलं, सांगू? ती टेबलाखाली शिरली. आपल्या कात्रीनं तिनं पुठ्ठ्याची एक पट्टी कापली, कुठे दुमड नाही की चाव नाही. तिच्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'आणि काकीनी', आणि पट्टी पाटीवर 'मालकांनी'च्या बरोब्बर पुढे चिकटवली. बाबांनी ऐरणीवर ठेवलेली हातोडी उचलली. मग उडी मारून ऐरणीसमोरच्या स्टुलावर बसली, चक्क दोन मिनिटं न हलता, आणि उजवा हात पुढे करून म्हणाली,

"हं काकी, ते राहिलेलं पातं दे बघू!"

हातोडी तिच्या डाव्या हातात होती.