तोंडावरचं फडकं

राग कमळाच्या नाकावर कायमचाच असायचा, पण त्या सकाळी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांद्याच्या इस्पितळात ती नर्स, आणि तिचा पेशंट चक्क मागच्या कुंपणातून पळून चालला होता! उद्या पोटातली गाठ काढायची. आणि हा इतवारी, जंगलातून सागाच्या गाड्या हाकणारा दांडगा गडी, बोचक्यासकट तारेत अडकलेला.

"कुठी चालला?" तिनं बोचकं हिसकावलं.

"घरी... मले मराचं नाई, बाई."

"गाठ तशीच ठेवली तर मरशील! काऊन पळून राह्यला?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. इतके शांत डोळे, की तिला आणखीच राग आला.

"काल आपरेशनच्या खोलीच्या दारातून पाह्यलं. जित्या माणसाच्या तोंडावर फडकं टाकलं तुमी. आमच्यात मेल्यावर तोंड झाकतेत."

कमळाला आता राग आला डॉक्टरांचा. 'ह्यांना सांगून काय कळणार?' हे त्यांचं नेहमीचंच. आणि तिनं तरी कुठे सांगितलं होतं?

ती तरातरा आत गेली, भूल द्यायची तारेची जाळी आणि फडकं घेऊन आली, आणि व्हरांड्यात त्याच्यासमोर बसून स्वतःच्याच तोंडावर ठेवलं.

"पाह्य! यावर औषधाचे थेंब टाकतेत. उग्र वास येते, घुसमटल्यावानी होते, मंग झोप. कापलेलं कळत नाई. उठल्यावर ओकारी येईल, टाके दुखतील, तेव्हा घाबराचं नाई. आता सांग, मी मेली का?"

"नाई..." तो पहिल्यांदाच हसला. "चिडून राह्यल्या, म्हंजे जित्याच हाये तुमी."

तिचे कान तापले.

"झोप लागेपर्यंत हात धराल? अन् उठलो की पयले तुमीच चिडजा... म्हंजे मले कळंल, जिवंत हावो."

दुसऱ्या दिवशी तिनं हात धरला. गाठ निघाली, पण दुपार कलली तरी इतवारी डोळे उघडेना. डॉक्टर पुन्हापुन्हा नाडी बघत होते. ते बाहेर गेले तशी कमळाला रडू फुटलं, आणि त्या रडण्याचाही तिला संताप आला.

"ऊठ ना! सगळं सांगितलं तुले, असं पडून राहाचं कोणी सांगितलं? जीव लावाचा अन् झोपून जाचं? लाज नाई वाटत?"

"हळू..." त्याचे ओठ हलले. "ऐकू येऊन राह्यलं."

"मेल्या!"

"नाई ना मेलो... बाई, जल्मभर चिडाल माह्यावर?"

"बोलू नको, टाके ताणतेत!" ती खेकसली. मग हात न सोडता, डोळे पुसत म्हणाली, "...चिडीन."