बोलत चला

"गप्प का चालताय तुम्ही?"

मी दचकले. वळणावर खाकी टोपीतला एक वनरक्षक उभा होता. चेहरा असा, जणू मी त्याच्या देवदाराची फांदीच तोडली होती.

"गप्प चालणं गुन्हा आहे का?"

"इथे आहे. पाटी नाही वाचलीत? 'बोलत चला.' अस्वलाला अचानक कोणी समोर आलेलं आवडत नाही. लांबून आवाज आला, की ते बिचारं आपणहून बाजूला होतं."

पाटी वाचली होती हो. पण एकटीने बोलायचं कोणाशी? कड्यावरच्या रानबकऱ्या बघत मी रेंगाळले आणि बसमधली मंडळी पुढे निघून गेली. मावशी तर गुडघ्यांचं निमित्त करून खाली फाटकापाशी बसमध्येच बसली होती.

"चला, फाटकापर्यंत सोडतो," तो म्हणाला. "पण बोलत. मोठ्याने."

"काय बोलू?"

"काहीही. अस्वलाला विषय लागत नाही."

आली का पंचाईत! मी कानांची तपासणी करते. बंद खोलीत, काचेपलीकडे बसून. तसं त्याला सांगितलं, आणि दिवसभर माझं जे एकच वाक्य असतं, तेच दरीला ऐकवलं. "आवाज आला की हात वर करा!"

तो हसला. "आणि खाली कधी करायचा?"

"आवाज थांबला की."

"लोक फसवतात का हो?"

"पुरुष फसवतात. ऐकू येत नसलं तरी हात वर."

"आणि बायका?"

"त्या... ऐकू येऊनही करत नाहीत. कधी कधी."

"हं," तो म्हणाला. मग आठवण झाल्यासारखा मोठ्याने म्हणाला, "हं!"

वाट उतरत होती. मध्येच झाडं बाजूला झाली आणि खाली तळं दिसलं. अर्धं उन्हात, अर्धं बर्फाच्या शिखराच्या सावलीत. समोरच्या कड्यावरून धबधबा पडत होता, पण इतक्या लांब, की त्याचा आवाजच नव्हता. वनरक्षकाने वर बोट दाखवलं. एक गरुड पंख न हलवता तरंगत होता. बघता बघता वनरक्षकाची बाही माझ्या बाहीला लागली. मी सरकले... फार नाही, थोडीशीच.

मावशी म्हणते, "तू माणसंही अभयारण्यातल्यासारखी बघतेस. लांबून, आणि खायला न घालता." मला त्यात काही वावगं वाटत नाही. लांबून बघितलं की कोणी चावत नाही. हेही मी त्याला सांगून टाकलं. अस्वलासाठी.

"मी चावत नाही," तो ओरडला.

"माहीत आहे," मीही ओरडले. मग दोघांनाही इतकं हसू आलं, की मैलभरातली अस्वलं पळाली असतील.

फाटक दिसलं तसा तो हळू झाला. "इथून पुढे अस्वलं येत नाहीत."

झालं. बोलायचं कारणच संपलं. मला तो आवडला होता. सरळ सांगायचं तर इतकंच. आणि बस सुटली की तेही संपणार होतं.

"बरं..." मी म्हटलं.

"बरं मग..." त्याने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"परत जाताना कोणाशी बोलणार?"

"अस्वलाशीच. सवय आहे."

तो वर निघाला, मी बसकडे. पायरीवर पाय ठेवला तोच झाडांमधून त्याचा आवाज आला, खणखणीत.

"अस्वलराव, ऐका! आज एक मुलगी भेटली. कान तपासते. मला आवडली... खूप आवडली! तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. तिने परत यावं असं वाटतं!"

मी पायरीवरून उतरले. फाटकापाशी गेले आणि हात वर केला.

"अगं, टाटा कोणाला करतेयस?" मावशीने खिडकीतून डोकं काढलं.

"टाटा नाही गं, मावशी."

वरच्या वळणावर खाकी टोपी दिसली. थबकली. आवाज थांबला. नियमाप्रमाणे आता हात खाली यायला हवा होता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तरी मी हात वरच ठेवला.

मग ती टोपी धावतच सुटली. खाली, माझ्याकडे, एक शब्दही न बोलता.

"अहो," मी सगळ्या बसच्या देखत ओरडले, "बोलत या, बोलत!"