कर्टिस पायरीवर थांबतो

एक लाकूड टाक रे शेकोटीत. सोमवारपासून तुम्ही दोघं तुरुंगात पहाऱ्याला लागणार, म्हणून सांगतो. माझ्याबरोबर तिथंच पहाऱ्याला असलेल्या ऑरिन पेल्कीच्या बाबतीत घडलेलं आहे.

"भूत आहे ना काका? नाहीतर आम्ही झोपतो."

आहे. गप ऐक.

कर्टिस लाव्हीन अठरा वर्षं आत होता. सुटायला महिना उरला आणि तुरुंगाच्या दवाखान्यातच गेला. त्याचा चष्मा नि स्वेटर खोक्यात घालून ऑरिन त्याच्या आईकडे, बर्निसबाईंकडे निघाला. जानेवारीतला दुसरा शनिवार. तो पोचला आणि मागे बर्फानं रस्ता बंद झाला. बर्निसबाईंनी त्याला बटाट्याचं सूप दिलं, कोचावर अंथरूण घातलं.

निजायला जाताना म्हणाल्या, "रात्री पायरीवर कुणी आलं तर घाबरू नका. कर्टिस असतो. मी कडी लावतच नाही. आतून हाक मारते, ये रे, उघडंच आहे. पण येत नाही. गुडघ्यांमुळे दोन वर्षं भेटायला गेले नाही मी... राग धरलाय का हो त्यानं?"



मध्यरात्रीनंतर पायरी करकरली. मग काहीच नाही. ठोठावणं नाही. दाराची मूठ फिरली नाही. कुणीतरी नुसतं उभं...

ते उभं राहणं ऑरिनच्या ओळखीचं होतं.

तो उठला. दार उघडलं. बाहेर बर्फ. कुणी नाही.

"लाव्हीन," तो रोजच्या आवाजात म्हणाला, "चल, आत."

गार झुळूक खांद्याला घासून गेली...

सकाळी बाईंच्या खोलीच्या बंद दारासमोर दोन ओली पावलं उमटलेली होती. बोटं दाराकडे. बाकी सगळी जमीन कोरडी.

आतून बाईंनी विचारलं, "आला का हो?"

ऑरिननं दार उघडलं. बाईंनी पावलं पाहिली. तिथंच खाली बसल्या.

"राग नाही हो बाई," ऑरिन म्हणाला. "आमच्यापैकी कुणी उघडल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही, हे आम्हीच शिकवलं त्याला."

त्यानं खोलीच्या दाराचे स्क्रू काढले. ते दार उतरवून शेडमध्ये टेकवून ठेवलं.

"मग, काका?"

रस्ता मोकळा झाल्यावर ऑरिन घरी परतला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला बर्निसबाईंचा फोन आला.

"ऑरिन... इथे, माझ्या पलंगाशी. बोटं उशीकडे. अजून ओली आहेत."