तिसरा बेल्ट कुणी जाळला?

"हा तिसरा." आत्याने जळका बेल्ट टेबलावर आपटला. "दोन आठवड्यांत तिसरा बेल्ट. आता तरी कबूल कराल की नाही?"

टेबलापलीकडे तिची तिन्ही भाचरं ओळीने उभी होती. तेरा वर्षांची कप्तान, तिच्याहून वर्षाने लहान असलेला शंकासुर आणि दहा वर्षांची चिमणी. घरात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारली, तर तिघंही आधी मागे वळून बघत.

तळ्याकाठी आत्याचा होड्या दुरुस्त करण्याचा कारखाना होता. होडी पाण्यातून काढून ट्रॉलीवर चढवायची आणि ती ट्रॉली चढावरून शेडपर्यंत ओढून न्यायची. एवढ्याचसाठी आत्याने एटीव्ही घेतली होती. मोटारसायकलसारखं हँडल, चार जाड चाकं, आणि चालताना गिअर बदलायची कटकट नाही. ते काम आतला रबरी बेल्ट आपोआप करायचा. नेमकं हे मशीन आणि भाचरं एकाच आठवड्यात आली. पहिल्या दिवशी आत्याने कौतुकाने तिघांना आवारात एकेक फेरी मारू दिली होती. ते कौतुक आता मुलांच्या अंगाशी आलं होतं.

"त्या दिवसानंतर आम्ही मशीनला हात लावलेला नाही," कप्तान म्हणाली.

"मग बेल्ट काय उन्हाने जळतात?" कारखान्याचे मुकादम दारातूनच गुरगुरले. "वीस वर्षं इथे ट्रॅक्टर चालवला मी. कधी काही जळलं नाही. ही कार्टी आली आणि..."

"मशीनपण तेव्हाच आलंय," शंकासुर म्हणाला.

"उलट बोलू नकोस," आत्या कडाडली. "उद्या सकाळी शोरूमवाला गिअरवालं मशीन घेऊन येतोय. हे त्याला परत देणार मी. आणि दुपारच्या बसने तुम्ही तिघं घरी जायचं. खोटं बोलणारी मुलं मला इथे नकोत."

तिघं बाहेर आली. चिमणीचे डोळे भरले होते, पण कप्तानला रडू येत नव्हतं, राग येत होता. सुटी बुडाली तर बुडू दे. पण खोटारडी हा शिक्का घेऊन बसमध्ये बसायचं नाही, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं.

"उद्या दुपारपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. "बेल्ट कोण जाळतंय ते शोधायचं."

"आणि सापडलंच नाही तर?" शंकासुरने विचारलं. त्याला हे नाव उगीच पडलं नव्हतं.

मुकादमांनी शेवटचा नवा बेल्ट बसवला आणि काम पुन्हा सुरू झालं. तिघं एका उपड्या होडीवर जाऊन बसली. मुकादम येता-जाता त्यांच्याकडे असं बघत होते, जणू नजरेनेच तिघांना तळ्यात ढकलणार होते. कप्तान नाकावर टिच्चून तिथेच बसून राहिली.

"ताई, हे मशीन वेडं आहे का गं?" थोड्या वेळाने चिमणी म्हणाली. "ट्रॉली रिकामी असली की किंचाळतं आणि रांगत रांगत जातं. होडी लादली की घाई करतं."

"काहीतरीच काय," शंकासुर म्हणाला. तरी त्याने घड्याळ लावलं. पाण्यापासून चढापर्यंतचं सपाट आवार ओलांडायला रिकाम्या ट्रॉलीला दीड मिनिट लागलं. भरलेल्या ट्रॉलीला लागलं पाऊण मिनिट. पुढे चढ लागताच मशीन गुदमरलं आणि जळक्या रबराचा वास थेट त्यांच्या उपड्या होडीपर्यंत आला.

शंकासुरला चिमणीचं पटलं. असं फार क्वचित व्हायचं.

"हँडलशेजारी एच आणि एलचा एक खटका आहे, तो बघायला हवा," कप्तान म्हणाली. "तू मुकादमकाकांना खाली उतरव."

"मी? ते मला कच्चा खातील."

"म्हणून तर चटकन उतरतील."

पुढची होडी लादून मुकादम निघाले, तसा शंकासुर आडवा गेला. "मुकादमकाका, ती मागची गाठ सुटेल असं वाटतंय."

"माझी गाठ?" मुकादम खाली उतरले. "अरे, तुझ्या बापाला दात यायच्या आधीपासून गाठी मारतोय मी."

"तरी पण सैल दिसते."

मुकादमांनी त्याचं मनगट धरून त्याला मागे नेलं आणि गाठ म्हणजे काय याचं व्याख्यान दिलं. तेवढ्यात कप्तानने हँडलशेजारचा खटका पाहिला. तो 'एच'वर होता. होडी उतरवून ट्रॉली रिकामी परतली तेव्हा तिने झाडामागून पुन्हा पाहिलं. आता तो 'एल'वर होता.

एच आणि एल म्हणजे काय ते मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात असणार. पुस्तक ऑफिसच्या कपाटात होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा न काढलेलं. कप्तानने पिशवी फाडली आणि खटक्याचं पान शोधलं. ते वाचून होतंय न होतंय, तोच मागून एका दणकट हाताने पुस्तक खेचून घेतलं.

"आता चोऱ्यापण?" मुकादम म्हणाले. "उद्या बस येईपर्यंत नजरेसमोर येऊ नका."

सकाळी शोरूमवाला आला. टेम्पोतून गिअरवालं मशीन उतरवून त्याने आत्यासमोर तोंडाचा पट्टा सोडला. "जड ओझ्याला हेच घ्यायचं, मॅडम. पायाने गिअर बदलायचे. बेल्टच नाही, तर जळणार काय?"

आत्याने मान डोलावली. "मुकादम, बसून बघा."

"थांबा," कप्तान पुढे झाली.

"तू बॅग भरलीस का?" आत्याने विचारलं.

"भरली. एकच प्रश्न विचारते आणि जाते." ती शोरूमवाल्याकडे वळली. "या मशीनवरही एच आणि एल आहे?"

"आहे ना. हा काय खटका."

"मुकादमकाका, होडी ओढताना तुम्ही तो कुठे ठेवणार?"

"एचवर," मुकादम तुसडेपणाने म्हणाले. "एच म्हणजे हेवी, एल म्हणजे लाइट. एवढं इंग्रजी येतं मला."

शोरूमवाल्याचा चेहरा उतरला. "अहो, एच म्हणजे हाय. वेग जास्त, जोर कमी. रिकाम्या मशीनसाठी. ओझं आणि चढ असला की एल, म्हणजे लो. तुम्ही इतके दिवस होड्या एचवर ओढल्या?"

"तुमच्या गिअरवाल्यातही तसंच केलं तर?" चिमणीने विचारलं.

"तर यातला क्लच जळेल," शोरूमवाला नाइलाजाने म्हणाला. "दिवसभर ओझीच ओढायची असतील तर गिअरवालं बरं. पण दिवसाला तुमच्या चार-पाच होड्या... त्या बेल्टवालंही ओढेल. एलवर."

आत्याने सगळ्यांत जड होडी लादायला लावली. मुकादमांनी खटका एलवर टाकला. बेल्टवालं मशीन सावकाश, न गुदमरता चढ चढून गेलं. चिमणीने नाक वर करून हुंगलं. कसलाही वास नव्हता.

मग आत्या मुकादमांवर घसरली. "वीस वर्षांचा अनुभव ना तुमचा? माझे तीन बेल्ट जाळलेत, आणि नाव मुलांचं घेतलंत? लाज वाटायला हवी." सगळे कामगार हातातलं काम टाकून बघत होते. मुकादमांचे कान लाल झाले, पण ते एक अक्षर बोलले नाहीत. कालपासून याच घटकेची वाट बघणाऱ्या कप्तानला अजिबात मजा वाटेना.

"मुकादमकाका, एच म्हणजे हेवी हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"जाऊ दे ते."

"पण कुणी?" शंकासुर कसला सोडतोय.

मुकादमांनी जमिनीकडे पाहिलं. "बाईंनीच. मशीन आलं त्या दिवशी. मी म्हटलं, पुस्तकात बघून घेऊ. तर म्हणाल्या, त्यात बघायचं काय, सरळ तर आहे."

सगळे कामगार आता आत्याकडे बघू लागले. चूक कबूल करायची तिला सवयच नव्हती.

"हो, मीच सांगितलं होतं," ती शेवटी म्हणाली. "पुस्तक न उघडता. तुम्ही तिघं खरं बोलत होतात आणि मी तुम्हाला खोटं ठरवलं. माझं चुकलं. मला दोन आठवड्यांत दिसलं नाही, ते तुम्ही एका दिवसात शोधलंत. बॅगा उघडा. सुटी संपेपर्यंत तुम्ही इथेच राहणार, आणि हे बेल्टवालं मशीनही."

"मुकादमकाकांनाही सांग," कप्तान म्हणाली. "त्यांना तर तू सगळ्यांदेखत बोललीस."

आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. कप्तानने नजर हटवली नाही. मग आत्या मुकादमांकडे वळली आणि 'माझं चुकलं' हे शब्द पुन्हा म्हणाली.

"असू द्या, बाई," मुकादम म्हणाले. ते मशीनवर चढले, खटका एलवर आहे ना ते दोनदा पाहिलं आणि तिघांकडे न बघताच म्हणाले, "कार्टी महाआगाऊ आहेत. पण खोटारडी नाहीत."